मून मॅडमची धार

अख्खं कोहळं बाईनं पहिल्यांदा कापू नये, असं आमच्या घरात आहे. आधी पुरुषानं त्यावर सुरी चालवायची, मग बाईनं पुढचं बघायचं. का, ते कुणी सांगत नाही अन् मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला कोहळ्याची गोड बोंडं तळायची होती. आमचे हे ऑफिसात गेलेले. मी ते भलंमोठं कोहळं काखेत धरून फाटकात उभी, कोणी पुरुष दिसला की म्हणायचं, भाऊ, एवढा एक वार करून जा. भाजीवाला माझ्याकडे न बघताच निघून गेला. अन् दिसलं कोण, तर शेजारच्या घरात नुकतीच राहायला आलेली बाई. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, केस एकदम बारीक कापलेले.

"कायले उभी आहेस वं उन्हात?"

मी सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. "थांब," म्हणाली, आत गेली अन् एक चाकू घेऊन आली. पायरीवर कोहळं ठेवलं, डाव्या हातानं दाबलं अन् चाकू खाली नेला. बस्स. आमच्या पावशीवर, म्हणजे विळीवर, कोहळं फोडायचं म्हणजे पाट सरकतो, कोहळं पळतं, घरातलं सगळं माणूस धावून येतं. इथं दोन फाका गुमान दोन बाजूंना पडल्या.

"त्याले काय समजते, बाई कापून राहिली का माणूस?"

मला कोहळ्यापेक्षा चाकूच बघायचा होता. मी हात पुढे केला, तर तिनं तो माझ्या हातात न देता पायरीवर ठेवला. "हातात देत नाही मी. ठेवते, तू उचल. माह्या मायचा नियम आहे."

"म्हणजे तुमच्याकडे पण असतेच की हे," मी म्हटलं. माझं तोंड तसं फटकळच आहे.

"हे म्हणजे काय? देणाऱ्याचं बोट अन् घेणाऱ्याचं बोट एका पात्यावर कायले पाहिजे? ज्याले पाहिजे त्यानं स्वतः उचलावं. मग कापलं तर भांडण नाही." असं म्हणून तिनं एक फाक स्वतःसाठी ठेवून घेतली. चाकूची मजुरी म्हणाली.

संध्याकाळी ह्यांना पोटभर बोंडं खाऊ घातली अन् मग सांगितलं, कोहळं कुणी कापलं ते. ह्यांनी तोंडातलं बोंड गिळलं. "चांगली झाली," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात कोहळ्याचा तो नियम संपला.

तर ह्या निर्मला मून. आम्ही सगळे मून मॅडम म्हणायचो. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे आमच्या कॉलनीनं आडून आडून फार विचारलं, अन् प्रत्येकीला त्यांनी एकच उत्तर दिलं, "टाइम नाही भेटला." घरात पुढच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती, तिच्यासमोर सकाळी मेणबत्ती. बाकी भिंतींवर पोरींचे फोटो. कबड्डीच्या, खोखोच्या टीमच्या टीम, मातीनं भरलेल्या, दात काढून हसणाऱ्या. एकाही फोटोत मॅडम नाहीत. फोटो त्याच काढायच्या ना!

अन् मागच्या अंगणात टिनाचं शेड. त्यात भट्टी, ऐरण, ग्राइंडर, अन् खिळ्यांना टांगलेल्या कानशी. पहिल्या आठवड्यात ठोकाठोकी सुरू झाली तेव्हा आमचे हे तावातावानं तक्रार करायला गेले. "बाई घरात हत्यारं बनवून राहिली, उद्या पोलीस आले तर साक्ष आपल्यालेच द्यावी लागेल!" बराच वेळ झाला तरी परत येईनात. आले ते हातात आमची जुनी कात्री घेऊन. धार लावून आणली होती. तोंडावर असं हसू की जसं काही बक्षीस मिळालं. "सकाळी आठच्या आधी नाही ठोकणार म्हणाल्या. शिस्तीची बाई आहे हं." मी म्हटलं, झालं, गेले कामातून.

हा नाद त्यांना आईच्या पावशीपायी लागला. आई आयुष्यभर भाजी विकायची, बाजारात बसून फणसाच्या अन् सुरणाच्या फोडी करून द्यायची. तिच्या पावशीचं पातं झिजून झिजून नखाएवढं उरलं होतं. आई गेल्यावर एक दिवस ते तुटलं. मॅडमनी बाजारातून नवी आणली, ती टोमॅटोवरून घसरायची. लोहाराकडे गेल्या, तर तो म्हणाला, बाई, पोलाद चांगलं नाही, पाणी बरोबर दिलेलं नाही, मी काय करू? पाणी म्हणजे, पातं लाल करून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवतात ते. धार टिकते ती त्याच्यानं. मॅडम म्हणाल्या, "मग तू देऊन दाखव." तिथं उभं राहून त्यांनी बघितलं, अन् बघता बघता हातोडा मागून घेतला. लोहाराला वाटलं असेल बाई थकून परत देईल. त्यानं यांचे दंड बघितले नव्हते.

ट्रकच्या चाकांवरच्या कमानीचे मोडके पोलादी पट्टे भंगारातून आणायच्या अन् त्यातून चाकू. फक्त स्वयंपाकघरातले. एकदा कुणीतरी फोन करून खंजीर मागितला, तर त्याला विचारलं, "काहून? तुमच्या घरी खंजिरानं कांदा कापते का?" अन् फोन ठेवला. पात्यांना त्या पोट्ट्या म्हणायच्या. "ही पोट्टी अजून कच्ची आहे." "हिचा डावा खांदा खाली आहे, पाहा." मला काही दिसायचं नाही, पण मी हव हव म्हणायचे. तयार झालेला चाकू आधी त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर राबायचा. भिवापुरी मिरच्या, कांदे, वांगी, अंबाडीची जून देठं, सगळं. मोबाइलवर लोक चाकूनं कागद चरचर कापून दाखवतात, ते मी एकदा कौतुकानं दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "कागदाची भाजी कोण करते वं?"

त्यांची एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्यांच्या शाळेची टीम एकदा जिल्ह्याच्या फायनलला पोचली होती. सगळ्यात भारी चढाई करणारी पोरगी सकाळी उठली ती लंगडत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पट्टी बांधा अन् उतरवा. पोरगी स्वतः रडत म्हणाली, मॅडम, मी खेळते. मॅडमनी तिला बाहेर बसवलं. शाळा हरली. मुख्याध्यापिका पुढं वर्षभर धड बोलल्या नाहीत. "पोरगी आजही धावते," एवढंच मॅडम म्हणाल्या अन् चहाचे कप विसळायला उठल्या. मला तेव्हा भरून आलं होतं. असं माणूस आपल्या भिंतीला भिंत लावून राहतं अन् आपण त्याच्या ट्रॅकसूटवर बोलतो!

हाताच्या वस्तूंचं एक प्रदर्शन दर उन्हाळ्यात शहरातल्या एका हॉलमध्ये भरतं. ह्यांनीच पेपरातली जाहिरात नेऊन दाखवली. मॅडम पहिल्यांदा नको म्हणाल्या. मग पंधरा दिवसांनी एका सकाळी भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "कुंदा, नाव देऊन आली मी." चेहरा असा की चोरी करून आल्या.

"मग घाबरता कायले?"

"आयुष्यभर पोरींले मैदानात ढकललं वं मी. त्यांच्या पाठीवर नंबराची पिन लावली, शिट्टी वाजवली, रेषेबाहेर उभी राहिली. मी स्वतः कधी रेषेच्या आत गेलीच नाही. आमच्या वेळी शाळेत मुलींची टीमच नव्हती." मग म्हणाल्या, "एकदा जाऊन पाहायचं आहे. लोकं काय म्हणतील ते ऐकायचं आहे. बस."

हिवाळ्यापासून त्या कामाला लागल्या. मुठींसाठी लाकूड नरखेडकडून यायचं. तिकडे त्यांचे भाऊ, बाबाराव, यांचा संत्र्याचा बगीचा. जुनी झाडं वाळली की लोक चुलीत घालतात. मॅडमनी भावाला तंबी दिली होती, एक खोड जाळायचं नाही. बाबाराव मोटरसायकलला ओंडके बांधून आणायचे, अन् मॅडम ते दोन-दोन उन्हाळे गच्चीवर वाळवायच्या. संत्र्याचं लाकूड पिवळसर, लोण्यासारखं गुळगुळीत निघतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या पट्ट्या, मधून पितळेचे खिळे, वरून जवसाचं तेल. एकेक मूठ हातात धरली की सोडावीशी वाटायची नाही. खरं सांगते, मी पावशीवाली बाई, पण मलाही मोह व्हायचा.

मे लागला. टिनाच्या शेडमध्ये बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मॅडमनी आपला मोठा कूलर शेडच्या दारात लावला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, अन् त्या गारव्यात शेवटच्या महिन्यात सगळ्या मुठी बसवल्या, घासल्या, तेल दिलं. मग एकेक चाकू कागदात गुंडाळून वरच्या खोलीतल्या ट्रंकेत. नागपुरात कोणीही हेच केलं असतं. मे महिन्यात कूलरशिवाय आम्ही श्वास घेत नाही.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले होते. बाबाराव मदतीला आले होते. मला बघायला बोलावलं म्हणून मीही गेले. मॅडमनी ट्रंक उघडली, पहिला चाकू काढला, मुठीवरून अंगठा फिरवला अन् थांबल्या. परत फिरवला. मग दुसरा काढला, मग तिसरा. मला वाटलं गंज चढला. मग त्यांनी एक माझ्यासमोर ठेवला. "नख फिरवून पाहा."

नख अडकलं. लाकडाच्या बाहेर पोलादाची कड आली होती, अन् एका बाजूला केसाएवढी फट. सगळ्यांचं तेच झालं होतं.

"कूलर," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं वाळवलेलं लाकूड मी आणून ओल्या हवेत ठेवलं. ते प्यालं पाणी. फुगलेल्या लाकडावर मी मूठ बसवली. वरच्या खोलीतल्या झळीनं ते पुन्हा आकसलं. मीच केलं हे." स्वतःच्याच कपाळावर त्यांनी हात मारून घेतला.

बाबाराव म्हणाले, "हात् तिच्या! घाबरते कायले, निर्मला? लाकडाचा भुसा अन् एपॉक्सीचा गोंद भरून देऊ फटीत, पॉलिश मारू. कोणाच्या बापाले समजते!"

"पावसाळ्यात समजेल. लाकूड पुन्हा फुगेल, फट पुन्हा उघडेल, भाजीचं पाणी आत जाईल. बाईच्या हाताले कड लागेल."

"तोपर्यंत प्रदर्शन होऊन जाते ना!"

मॅडमनी भावाकडे नुसतं बघितलं. बाबाराव पाणी प्यायला उठले. मीही म्हटलं, मॅडम, एवढी मेहनत, थोडं घासून तर बघा, बसल्या जागी हार नका मानू. पण त्यांनी एकेक चाकू परत कागदात गुंडाळला अन् ट्रंक लावली. "लंगडणाऱ्या पोट्टीले मी नाही उतरवत. उद्या फोन करून कळवते, येत नाही म्हणून." घरी येऊन मी त्या कूलरला, उन्हाला, नागपूरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ह्यांना वाटलं मी त्यांच्यावरच चिडले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक.

"कुंदा, लोणच्याच्या कैऱ्या आणल्या का तू?"

"आणल्या की, पोतंभर. काहून?"

"दे मले. अन् उद्या तू चाल माह्यासंगं." त्यांच्या हातात तोच चाकू होता, कोहळ्याचा. दोन वर्षं रोज वापरून पातं काळपट निळं पडलेलं, मूठ हाताच्या मळानं अन् तेलानं मधासारखी झालेली. त्यांनी तो भिंतीवर ठेवला. मी नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. "हिची मूठ दोन वर्षांआधी दिवाळीनंतर बसवली होती. तेव्हा कूलर माळ्यावर होता," त्या म्हणाल्या.

"एकच चाकू घेऊन जाल? अख्ख्या टेबलावर?"

"कबड्डीत सगळ्या बाद झाल्या अन् एक उरली, तर काय होते? खेळ थांबते का? एक उरली तरी ती चढाई करते. तिनं गडी मारले की बाहेर बसलेल्या आत येतेत." बोलता बोलता त्यांनी ट्रॅकसूटच्या खांद्यावरची धूळ झटकली. "हिले काळी म्हणतील लोकं. म्हणू दे. पण खेळेल का वं ती?"

मी म्हटलं, "मॅडम, तिनं आमच्या घरातला नियम मोडला, तुम्ही काय विचारता!"

प्रदर्शनाच्या दारात त्यांना नंबर लिहिलेला बिल्ला मिळाला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, माझ्यासमोर धरला अन् पाठ वळवली. "लाव." बिल्ला छातीवर लावायचा असतो, हे मी सांगणार होते. पण त्यांनी आयुष्यभर पोरींच्या पाठीवरच नंबर लावले होते. मी गुपचूप पाठीवर पिन लावली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, गळ्यात शिट्टी नाही. दोन वर्षांत मी त्यांचा गळा पहिल्यांदा मोकळा बघत होते.

टेबलावर निळी चादर, एक लाकडी पाट, कैऱ्यांची टोपली अन् मधोमध तो एक काळा चाकू. शेजारच्या टेबलावर एका तरुणाचे आरशासारखे चाकू रांगेत, तो कागद कापून दाखवत होता अन् तिकडे गर्दी. आयोजकांपैकी एक जण आला. "मॅडम, बाकीचा माल कुठे आहे?"

"बाकीच्या जखमी आहेत," मॅडम म्हणाल्या, अन् त्यांनी त्याला कूलरची सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता. तो आधी हसला. मग म्हणाला, आमच्या घरची दारं पण मे महिन्यात अशीच करतात. आजूबाजूचे चार लोक हसले अन् जवळ आले. ज्याला त्याला आपापल्या कूलरची गोष्ट सांगायची होती.

मग एक म्हातारी आली, लुगड्याचा कासोटा घातलेली, सोबत सून. चाकूकडे बघून म्हणाली, "मले तर बाप्पा पावशीच जमते. ह्या चाकवाचा भरोसा नाही."

"माह्या मायलेही पावशीच जमे," मॅडम म्हणाल्या. कैरी पाटावर ठेवली, चाकू तिच्यापुढे ठेवला अन् हात मागे घेतला. "उचला, आजी."

म्हातारीनं उचलला. तळहातात तोलला. लोणच्याच्या कैरीची कोय कशी चिवट असते, ते काय सांगू! घरोघरी त्यासाठी अडकित्ता लागतो. म्हातारीनं चाकू टेकवला, वर दुसरा हात दाबला अन् कचकन आवाज झाला. कैरी कोयीसकट दोन. तिनं ती उलटून बघितली, सुनेला दाखवली. मग दुसरी कैरी घेतली. मग तिसरी. सून म्हणाली, "आई, पुरे." म्हातारी म्हणाली, "थांब वं. तूच करून पाहा."

मग काय विचारता! बायकांची रांग लागली. मला दोनदा कैऱ्या आणायला पळावं लागलं. शेजारचा तरुण आपलं टेबल सोडून आला, त्यानं एक कैरी कापली अन् धारेवरून अंगठा आडवा फिरवला. मग म्हणाला, "मॅडम, पाणी कशात दिलंत?" एका हॉटेलचा आचारी तर हटूनच बसला, हाच पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "ही नाही भेटणार. कॅप्टन आहे. पावसाळा होऊ दे, दिवाळीपर्यंत बाकीच्यांच्या मुठी नव्यानं बसवते. मग या." आचारी गेला, म्हातारीची सून आली, अजून कोण कोण आल्या. सगळ्यांना तेच सांगितलं, दिवाळीनंतर. ट्रंकेत बसलेल्या पोट्ट्या एकेक करून आत येत होत्या. मला इकडे टोपली घेऊन उभ्याउभ्याच रडू यायला लागलं, अन् मी कैरीचा चीक डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

आता मॅडम नरखेडकडेच राहतात. भावाच्या बगीच्याशेजारी त्यांनी शेड टाकलं आहे, भिंतीच नसलेलं, चहूकडून उघडं. शेजारच्या घरात भाडेकरू आले, भले आहेत बिचारे. पण मून मॅडम म्हटलं की मला दिसतात त्या प्रदर्शनातल्या, शेवटच्या घटकेच्या.

हॉल रिकामा होत होता. लोक टेबलं आवरत होते, अर्धे पंखे बंद झाले होते. पाठीवर नंबर लावलेल्या मॅडम अजून उभ्याच. ट्रॅकसूटच्या बाह्या वर, हात कैरीच्या चिकानं चिकट, पाटावर शेवटची एक कैरी. मी टोपली घेऊन दारात पोचले अन् हाक मारली, तर ऐकू गेलं नाही. गार्ड जवळ जाऊन म्हणाला, "मॅडम, टाइम झाला. चला आता."

मॅडमनी वर बघितलं. "शिट्टी कुठं वाजली?" अन् त्यांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. त्या एकदम पोरीसारख्या हसल्या. "घरी ठेवून आली मी आज."

मग त्यांनी चाकू पुसला, कैरीशेजारी नीट आडवा ठेवला अन् हात मागे घेतला.

"उचल गा भाऊ. काप. एक राहिली आहे."